पाऊण पट

तिथीची पाऊण पट केली की भरतीची वेळ निघते.
हे मला रत्नागिरीच्या नणंदेनं सांगितलं,
चहा गाळता गाळता, सहज.
सदतीस वर्षं गणित शिकवून झालं होतं माझं.

दांडिया बाजारात समुद्र नाही.
सूरसागर आहे, पण त्याला कठडे आहेत,
आणि संध्याकाळी शेव-उसळीचा वास.
नळाला आजव्याचं पाणी, सकाळी पाऊण तास.

हेरंब माघी पौर्णिमेला निघाला.
जुनी शिडाची बोट, सव्वीस फूट, नाव ‘टिटवी’.
सोबतीला उमरगावचा रमण टंडेल, एक स्टोव्ह
आणि मी दिलेल्या दशम्यांचा डबा.
“आठवड्यात घरी,” म्हणाला.
घरी म्हणजे दहेजपर्यंत. पुढे जीपनं.
बडोद्याला बंदर नाही, हे तो अधूनमधून विसरतो.

फोन आखूड यायचे.
“दुपारी वारा नाकावर. मध्यरात्री मतलई सुटली की निघतो.”
“मुंबईचे दिवे रात्रभर उजवीकडे. संपेचनात.”
“रमणनं दोन ढोमे धरले. मीठ आहे, कोकम विसरलो.”
डहाणूला आवाज बसलेला होता.
मी कॅलेंडरवर पेन्सिलीनं गुणाकार करत राहिले:
द्वितीया, दीड. तृतीया, सव्वादोन.
आखातात वर आणखी तीन-चार तास मिळवायचे, हे रमणचं.
कोकिळाबेननं विचारलं, दुधाचा हिशेब का?
मी हो म्हटलं.

दमणला पोचले चतुर्थीला.
“पहाटे सुटलो तर परवा दहेज, कुंदा.”
परवा षष्ठी. उधाण उतरलेलं नसणार.
तिथे पाणी तीन मजले चढतं नि तीन मजले उतरतं,
असं त्यानंच एकदा सांगितलं होतं, जेवताना, कौतुकानं.
मी फोन कानाला तसाच धरून गच्चीवर गेले
आणि कठड्यावरून खाली पाहिलं.
खाली स्कूटर, भाजीची गाडी, एक मूल.
एवढं सगळं बुडणार, मग सहा तासांत उघडं पडणार.
“थांब,” म्हटलं. “अष्टमीनंतर ये. भांगाला.”
“तू आता मला समुद्र शिकवणार?”
फोन ठेवला त्यानं.

पंचमी गेली. षष्ठी.
मी काळ्या घोड्याच्या पुलावर जाऊन उभी राहिले.
खाली विश्वामित्री, तिला काही घाई नव्हती.
चिखलात एक मगर, तोंड उघडं, दात मोजता येतील अशी.
हेच पाणी ढाढरला मिळतं, ढाढर आखाताला.
हाक मारायची तर इथूनच मारावी लागेल, वाटलं.
मारली नाही. लोक होते.

सप्तमीला चार शब्द आले:
‘दमणलाच. भांगाची वाट बघतोय.’
त्याखाली, बऱ्याच वेळानं: ‘रमणही तेच म्हणत होता.’
हे दुसरं लिहायची गरज नव्हती.

नवमीच्या रात्री जिन्यावर पावलं वाजली,
थांबली, पुन्हा वाजली.
दोन्ही भिंतींना हात लावून तो चढत होता.
गुडघ्यापर्यंत राखी चिखल, वाळून तडकलेला.
“हलतंय,” म्हणाला.
“जिना?”
“सगळंच.”
टिटवी दहेजच्या गाळात आडवी पडली आहे,
तिच्यात रमण झोपला आहे, वाकडा.
हे सांगून त्यानं नळ सोडला. नळ नुसता फुसफुसला.
“पाणी कधी येतं?”
“पावणेसहाला. इथे तिथी चालत नाही.”
तो हसला असावा, दिव्याकडे पाठ होती.

डब्यात एक दशमी उरली होती.
भिजून वाळलेली, कडेला मीठ धरलेली.
“टाकवली नाही,” एवढंच बोलला,
आणि पलंगाची कड घट्ट धरून झोपला.

मी डबा विसळला नाही, पाणी नव्हतं.
पेन्सिल कानामागे होती.
उद्या दशमी.
साडेसात, अधिक तीन-चार.
साधारण अकराला टिटवी उभी राहील.
मी जागी असेन. तो असेल की नाही, माहीत नाही.