दीड फूट

सक्करदरा तलावापासून आमचं दुकान
म्हणाल तर दोन गल्ल्या, म्हणाल तर एक नाली.
त्या नालीनंच ती आली असावी,
खांडेनवमीच्या रात्री,
बारापात्रे शेठ कातरी-हातोड्यांना हळद-कुंकू लावून
घरी गेल्यावर.

सकाळी कूलरच्या जुन्या स्टँडांमागे
माती उकरलेली, परत थापलेली,
घाईत चूल सारवावी तशी.
आणि ती, ताटाएवढी,
पत्र्याच्या कातरणांमधून
नालीकडे निघालेली.
अशफाकनं ग्राइंडर बंद केला.
एवढंच. फोटोही कुणी काढला नाही.

सोमवारी फरशी टाकायची होती.
गिट्टी पडलेली, मिस्त्रीला इसार दिलेला.
"कासवीपायी धंदा थांबवू का बे?"
असं म्हणत शेठनं स्वतःच खडू घेतला,
कोपऱ्यात दीड फुटाचा चौकोन आखला
आणि मिस्त्रीला सांगितलं,
"इतकं सोडून दे. अर्थिंग टाकाची आहे."

म्हणतात, कासवी पिल्लांना नजरेनंच पाजते.
हिनं तर वळूनही पाहिलं नाही.
पाहत राहिलो आम्ही,
डबा उघडताना, जाळीत खस भरताना.
कुत्र्यांच्या भीतीनं वर संत्र्याची रिकामी पेटी पालथी घातली,
पेटीवर वीट.

मे महिन्यात पारा सेहेचाळीस.
टिनाखाली बसून आम्ही
लोकांची घरं गार करायचे डबे ठोकत होतो.
कुसुमताई रोज विचारायची,
"अंडे उकडून तं नसन गेले?"
तिला कोण काय सांगणार?
ती जाता जाता मगभर पाणी शिंपडायची,
शेठ ओरडायचे, सडवशील.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पेटी उचलली.
माती खचलेली.
मोठ्या कंच्याएवढी तीन टरफलं, आतून कोरडी.
पिल्लू एकही नाही.
कधी निघाली, किती निघाली,
मुंगसानं नेली की नालीनं,
दहा महिने पाहणाऱ्या आम्हाला
नेमकं तेवढंच दिसलं नाही.

फरशी आता गुळगुळीत आहे.
त्या चौकोनात ट्रॉलीचं चाक अडकतं,
शेठ शिव्या घालतात.
अर्थिंग अजून टाकलेली नाही.
मिस्त्रीचा नंबर माझ्याजवळ आहे.

परवा खांडेनवमी.
अशफाकनं काल, कुणी न सांगता,
जुने स्टँड हातभर सरकवले,
नालीकडची बाजू मोकळी केली.