खिळा

शिरोली नाक्याला चाळीस वर्सं
मी टायरमधला खिळा काढतोय.
पेटीचा, नालाचा, बुटाचा,
एकदा तर उसाच्या ट्रॉलीच्या चाकात
कुना बाईच्या कानातला आकडा निघाला.
ट्रकच्या चाकावर पान्हा हानला की
आवाजावरनं सांगतो, दहा पौंड कमी हाय.
गिऱ्हाईक मीटर लावून बघतंय
आन् मग गप बसतंय.

आन् माझ्याच तळव्यात, करंगळीच्या बुडाला,
खिळा घुसला, तवा मला
दोन दिस कळलं न्हाई.

फरशीवरचं रगात बघितलं ते दुकानातल्या इर्शादनं.
"मामा, कुनाचं हाय हे?"
मी बी वाकून हुडकाय लागलो, कुनाचं हाय.

पंधरा वर्सांची साखर.
एवढा ऊस दारावरनं गेला,
कांडं कदी मागून घेतलं न्हाई,
तरी ती पायात जाऊन बसली
आन् तिथलं दिवं एकेक करून घालवत गेली.
सीपीआरमधी करंगळी ठिवून आलो.

मग नेजदार म्याडमनी चपलंत घालाय
एक पातळ तळ दिला, प्रयोगासाठी म्हनल्या.
आत आठ ठिपके. तार न्हाई, काय न्हाई.
रातीला चार्जिंगला लावायचा, मोबाईलगत.
जिथं भार जास्त, तिथला ठिपका
खिशातल्या फोनला सांगतोय,
फोन जयसिंगपुरात शाहीनला सांगतोय,
शाहीन मला.
पाय माझा, माझ्याच खाली,
आन् त्याची खबर चाळीस किलोमीटर फिरून
माझ्या कानाला येती.

"आब्बा, मघापास्नं डाव्या टाचंवर हायसा. बसा."
व्हय, बसतो.
"बसलाईसा न्हवं?"

पैल्यांदा चीड आली.
म्हनलं, मला मीटर लावलाय व्हय.

मग एक दुपार. हायवे तापलेला, गिऱ्हाईक न्हाई.
पाच दिस शाहीनचा फोन न्हाई,
कारन पाच दिस माझा पाय
शानपनानं वागत व्हता.
मी उठलो. जॅकला धरून
टाच दाबली. एकदा.
दोनदा.
तिसऱ्यांदा अंगाचा सगळा भार टाकून.

वाजला.
"आब्बा."
"काय गं."
"असं कोन चालतंय?"

मी काय बोललो न्हाई. ती बी न्हाई.
तिकडं कुकरच्या शिट्ट्या झाल्या,
तिनं मोजल्या न्हाईत.
मी मोजल्या. तीन.
"गॅस बंद कर," म्हनलं.
"पाय वर घ्या," ती म्हनली,
आन् फोन तसाच चालू ठिवला.

तेवढ्यात एक ट्रक लागला, कर्नाटक पासिंग.
डायवर म्हनला, जरा हवा बघा.
मी बसल्या जागंवरनंच पान्हा लांबवला
आन् मागच्या चाकावर हानला.

"कमी हाय त्यात,"
खिशातनं शाहीन म्हनली.