शेरा

यावलच्या दक्षिणेला, जिथे केळीचे बाग संपतात
आणि रस्ता आपोआप धुळीत उतरतो,
तिथे तापीच्या काठाला एक पट्टी उभी आहे.
पांढऱ्यावर काळे आकडे, काही उन्हाने खाल्लेले.
दिवसातून तीनदा ती वाचायची
आणि वहीत मांडायची, एवढीच माझी नोकरी.
तारीख. वेळ. पातळी. शेरा.

माझ्याआधी हे काम सुपडू तायड्यांकडे होतं, एकतीस वर्षं.
चार्ज देताना त्यांनी पेटीची किल्ली दिली, अर्धी पेन्सिल दिली,
आणि म्हणाले, "पानी वाचाची घाई नको करू.
आधी बस. त्याले समजू दे, कोन्ही आलं म्हनून."
मी हसलो.
पाण्याला काय समजायचंय.

पहिला उन्हाळा मी मोबाईलवर काढला.
मान वर, आकडा, मान खाली.
वैशाखात तापी हलत नाही.
सकाळी आठला जो आकडा, तोच दुपारी एकला,
तोच सहाला, सातपुडा निळा पडताना.
एकदा तर सोमवारीच गुरुवारपर्यंतचं लिहून ठेवलं.
कोणाला कळलं नाही.
नदीलाही नाही, असं मला वाटलं.

दुसऱ्या वर्षी वादळ आलं, घडांसकट केळी झोपवून गेलं,
जाता जाता मोबाईलचा टॉवरही.
अकरा दिवस रेंज नव्हती.
तेव्हा बसलो. भक्तीने नव्हे,
दुसरं काही करण्यासारखं नव्हतं म्हणून.

आधी नुसतं ऊन ऐकू आलं.
मग माझेच कान.
मग मेव्हण्याशी मोटारीवरून झालेलं भांडण,
ते दोन दिवस चाललं, मीच दोन्ही बाजूंनी बोलत होतो.
चौथ्या दिवशी थकलो आणि गप्प झालो,
आणि समोरच्या काळ्या दगडावर
बोटभर ओल दिसली.
सकाळी होती, दुपारी वाळली,
सांजेला पुन्हा चढली.
आकडा तोच होता.
दोन आकड्यांच्या मध्ये एवढी जागा असते
हे मला कोणत्याही साहेबाने शिकवलं नव्हतं.

एक टिटवी रोज डोक्यावर घिरट्या घालून भांडायची.
आठव्या दिवशी भांडली नाही.
पाण्यापर्यंत चालत गेली, पोट भिजवलं,
आणि माझ्या पायापासून तीन हातांवर
गोट्यांवर येऊन बसली.
ते गोटे नव्हते.
आठवडाभर मी त्यांच्याकडे बघत होतो
आणि ते गोटे नव्हते. चार अंडी.
छेचाळीस डिग्रीत ती त्यांना
पोटातल्या पाण्याने, नाही, पोटावरच्या पाण्याने
गार करत होती.
तिच्या लेखी मी आता दगड होतो.
इतका मान मला लग्नातसुद्धा मिळाला नव्हता.

हात जोडले नाहीत. हलायचं नव्हतं.
श्वासही जरा बेताने घेतला.
पलीकडच्या टरबुजाच्या वाडीत कोणी बादली आपटली,
तो आवाज पाण्यावरून चालत आला,
टिटवीतून गेला, माझ्यातून गेला,
आणि मागे निंबाच्या सावलीत बसला.
त्या वेळी मी कुठे संपत होतो, नीट सांगता येणार नाही.

शेऱ्यात लिहिलं: टिटवी. अंडी चार. पोट भिजवून आली.
महिन्याने जळगावहून वही परत आली,
लाल गोल, आणि बाजूला: हे काय?
उत्तर मला सुचलं नाही. अजूनही सुचलेलं नाही.

पावसाळ्याआधी पेटी साफ करताना तायड्यांच्या वह्या निघाल्या.
एकतीस वर्षांचा शेऱ्याचा रकाना कोरा,
फक्त चौकटीत कुठे कुठे पेन्सिलीचा बारीक ठिपका.
आधीही पाहिले होते मी ते.
माशांची घाण समजलो होतो.

हल्ली मीही देतो ठिपका.
दिवसाला तीन झाले असं क्वचित,
बहुतेक वेळा एकच.
ज्या वेळी काठावर असून नसतो,
त्या वेळची चौकट कोरी ठेवतो.