सतरावं पेर

ऑगस्ट इथे थंडीचा महिना.
पर्थपासून पाच तास आत, गव्हाच्या पट्ट्यात,
डग्लस होरेच्या कुंपणालगत तीन वाफे हरभरा
आणि त्यात गुडघ्यांवर बसलेली मर्ना क्विल्टी.
उमललेल्या प्रत्येक फुलाच्या देठाला
ती लोकरीचा धागा बांधते.
सोमवारी लाल. मंगळवारी पिवळा.
बुधवारी कुणाच्या तरी उसवलेल्या स्वेटरचा, कसलासा करडा.

दंव गोठलेलं नाही. पान एकही करपलेलं नाही.
रात्री पाच अंश, दुपारी चौदा:
माणसाला एक कोट पुरतो, एवढीच थंडी.
आंब झिरपून तिच्या विजारीचे गुडघे ओले,
बोटांच्या चिरांत चरचर.
आणि फुलं?
फुलं अगदी वेळेवर. जांभळी, टवटवीत.
रस्त्यावरून जाणारा कुणीही म्हणेल, यंदा जोर आहे.

पाचव्या दिवशी लाल धागा मातीत,
त्यात अडकलेलं फूल.
सहाव्या दिवशी पिवळा.
ती वहीत शून्य लिहिते, शून्याखाली शून्य,
गारठलेल्या बोटांनी काढलेली,
त्यातली काही नीट मिटतही नाहीत.

"मधमाश्या कमी पडल्या?" डग्लस विचारतो.
"याला माशी लागत नाही.
फूल उघडायच्या आधीच आतल्या आत लगीन उरकलेलं असतं."
"मग बिघडलं काय?"

ती त्याला शेडमध्ये नेते.
काचेवर चेपलेला कुक्षीवृंत, तांदळाच्या कणीपेक्षा बारीक.
डग्लस टोपी उलटी करतो, डोळा लावतो.
काळोखात उजळलेले दोरे:
परागकणांतून निघालेल्या नळ्या, बीजांडाच्या दिशेने.
सगळ्या निघाल्या आहेत.
सगळ्या अर्ध्यात थांबल्या आहेत.
एकीचं टोक फुगलंय,
आपण कुणाकडे आलो होतो ते विसरून
अंगणात उभ्या राहिलेल्या पाहुणीसारखं.

तो बराच वेळ डोळा काढत नाही.
तीस वर्षं तो हेच म्हणत आला,
हरभरा म्हणजे नुसता मिरवणारा, कामाला आळशी.
"निघतात तर," तो म्हणतो.
मर्नाकडे आकडा तयार होता,
सरासरी पंधराच्या खाली गेली की काय होतं त्याचा.
तिने तो सांगितला नाही. चहा ओतला.

अकरा सप्टेंबरला वारा फिरला.
इथे ऊब उत्तरेकडून येते.
तिसऱ्या वाफ्यात, सतराव्या पेरावर,
हिरवा धागा आठवडाभर टिकला,
आणि त्याच्या टोकाला घाटा,
नखाएवढा, लवदार, फुगीर.
डग्लसचं बोट आपोआप पुढे गेलं.
"दाबू नकोस," मर्ना म्हणाली,
"आत अजून बरीचशी हवाच आहे."

मग ती पुन्हा खाली वाकली.
खालच्या नऊ पेरांवर
फूल गळून मागे राहिलेले दांडे,
केसासारखे, वाळलेले.
तेही मोजायचे होते.