तीन छेद सहा

वास्कोच्या इंजिन-शेडात, एकेचाळीस सालच्या मार्चात,
बाबांनी शाळामास्तरांकडून खडूची अर्धी पेटी मागून आणली
आणि बंदरात अडकलेल्या जहाजावरचा एक जर्मन
दोन रुळांमधल्या फरशीवर ओणवा होऊन
इंजिन काढू लागला.
खऱ्या मापाचं.

नाव क्साफर. "अरे, हा तर आमचा शाविएर!"
कायतान फायरमन म्हणाला, आणि त्या दिवसापासून
त्याला आमच्यातलाच धरलं.
तो मोडकं पोर्तुगीज बोले, बाबा त्याहून मोडकं.
उरलेलं पान्यांनी, बोटांनी.

चौदाव्या वर्षी म्युनिकच्या कारखान्यात
तो रिव्हेटं तापवत होता, तेव्हा हे इंजिन बाहेर पडलं.
त्याच्या थोरल्यांनी आधी अमेरिकेतून इंजिनं मागवली होती.
चालवली. मग उघडून बघितली.
चौकट पत्र्याची नव्हे, जाड पट्ट्यांची:
आतलं दिसायचं, हात पोचायचा.
"हात पोचायचा," बाबा पुन्हा म्हणाले.
त्यांच्या कोपरांवर वीस वर्षं न पोचण्याचे व्रण होते.

"ह्याचं नाव तीन छेद सहा."
"म्हणजे अर्धं. मग अर्धं का नाही म्हणत?"
सहा आस. तीन ओढतात.
"बाकीचे तीन?"
वाट दाखवतात. वजन धरतात.
शेडाच्या दारात बसलेल्या काकाने
विडी विझवली आणि उठून गेला.

टेंडर शेडात मावला नाही.
तो बाहेर लाल मातीत, काठीने.

सिलिंडर चार. आतले दोन लहान, बाहेरचे दोन मोठे.
वाफ आधी आत काम करते, मग बाहेर, तीच वाफ.
बाबांचे डोळे चमकले: "आधी हुर्राक, मग फेणी!"
पुनाजी च्यारीला सगळं काजूच्या भट्टीतून समजायचं.
क्साफरने दोन्ही चाखून बघितल्या, नीट, सावकाश,
आणि मान हलवली. उलटं.
फेणी दुसऱ्यांदा चढते, वाफ दुसऱ्यांदा दमते.
म्हणून दुसरा सिलिंडर मोठा.
दमलेल्याला जागा जास्त लागते.

शेवटी चाक.
खिळा, सुतळी, आणि खडूऐवजी छिन्नी,
का कोण जाणे. फरशीत खोल कोरलं.
अठराशे सत्तर मिलिमीटर.
मी नऊ वर्षांची, जेवणाचा डबा घेऊन
त्या गोलात आडवी झाले. डोक्यावर, पायांखाली
कितीतरी चाक उरलं.

"घाटात काय करणार हे?" बाबा म्हणाले.
कुळ्याच्या वर आमची गाडी एक इंजिन ओढी, एक ढकली,
आणि तरी माणसं उतरून देहधर्म उरकून पुन्हा चढत.
क्साफर हसला. ह्याहून मोठ्या चाकाचं
एकच केलं होतं, म्हणाला. तासाला एकशे चौपन्न गेलं.
मग?
मग कुणाला लागलंच नाही.

दोन वर्षांनी एका रात्री बंदरात जहाजं पेटली.
आमच्या भिंती नारिंगी झाल्या.
खलाशांना धरून नेलं; त्यांत तो होता म्हणतात.
कायतानने तुरुंगाच्या दारापर्यंत पाव नेले
आणि परत आणले.

खडू चार पावलांत गेला. टेंडर पावसाआधीच, वाऱ्याने.
चाक राहिलं. त्यात तेल साचायचं,
एक काळा, चकचकीत गोल,
आणि बाबा कधी त्यावरून चालले नाहीत,
वळसा घालून पान्याकडे जात.

रूळ रुंद झाले तेव्हा शेड पाडलं.
मुकादमाकडून मी एक तुकडा मागून आणला,
हातभर लांब, त्यात थोडीशी वळलेली रेघ.
परसात आहे, नळाखाली. बादली त्यावर बसते.

म्हातारपणी बाबा फार सावकाश जेवत.
घरातले चिडत. मी ताट हलवत नसे,
पाट मात्र जरा मागे सरकवायची,
म्हणजे त्यांना पाय पसरता येत.