तोटी

ॲम्ब्रोज टिकनरने उभ्या जन्मात गळती बंद केली.
केंटच्या त्या किनाऱ्यावर, आजूबाजूच्या चार गावांत,
ज्याच्या घरी नळ ठिबके तो याचं दार ठोठावी.
चाळीसच्या ऑगस्टात मात्र
खाकी गाडीतून उतरलेला माणूस त्याला म्हणाला,
या पाइपांना भोकं पाडायची आहेत.
वीत-वीत अंतरावर, सगळी एकाच बाजूला.

तो काही बोलला नाही.
कानावरची पेन्सिल काढून खुणा करायला लागला.

चर्चमागच्या टेकाडावर जाळ्यांखाली टाक्या आल्या.
त्याच आठवड्यात हॉग्बेनबाईच्या बाळंतपणाला
डॉक्टरीणबाई सायकलवरून गेल्या, नऊ मैल, समोरून वारा.
पोचल्या तेव्हा मूल निळं पडलं होतं.
पेट्रोलची कुपनं संपली होती.
टाक्या भरलेल्या होत्या.
या दोन गोष्टी गावात कुणी एका वाक्यात बोलत नसे.

ऑक्टोबरात चाचणी झाली.
पाणी आधी नुसतं चमकलं, कबुतराच्या मानेसारखं,
मग अधिकाऱ्याने हात खाली केला
आणि लाट जाळ पाठीवर घेऊन आली,
वाळूवर मोडली,
मोडूनही जळत राहिली.
भर दुपारी दिवे लावावे लागले.
लेटिसच्या वाळत घातलेल्या चादरी काळ्या झाल्या.
तिने त्या धुतल्या, पुन्हा धुतल्या,
मग तशाच अंथरल्या.
सांजेला पोरं मासे वेचायला गेली:
वरून भाजलेले, आतून कच्चे.
मांजरांनीही तोंड लावलं नाही.

मग रात्रीच्या पाळ्या.
डोळ्यांत तेल घालून बसा, असं सांगितलेलं.
त्याच्या तर पावात तेल, मिशीत तेल,
खिशात तोटीची किल्ली, घराच्या किल्लीशेजारी.
काळ्या पाण्याकडे बघता बघता
त्याला रोज तोच एक पोरगा दिसे,
होडीच्या कडेवरून ओकणारा, बुटांत पाणी गेलेला,
ज्याच्या आईच्या मोरीत
कुठलासा नळ गळत असणार.

कुणी आलं नाही.

पुढे वावड्या उठल्या, पलीकडच्या खाडीत म्हणे
जळकी प्रेतं लागली.
सांगणाऱ्याने पाहिली नव्हती.
तू उघडलीस ना, ॲम्ब्रोज?
सील तसंच आहे, तो म्हणे.
लोकांना पटत नसे,
आणि थोडं वाईटही वाटे.

लढाई संपल्यावर पाइप भंगारात निघाले.
मोजून घ्यायला त्यालाच धाडलं.
निम्म्या भोकांत शिंपल्यांनी घर केलं होतं.
पेन्सिलीच्या खुणा पुसल्या होत्या, तरी
त्याचं बोट आपसूक पुढच्या भोकावर जाई.

अजून तो रात्री उठतो,
अंधारात स्वयंपाकघरातली तोटी आवळतो.
ती गळत नसते.
पुरे आता, लेटिस आतून म्हणते, आटे जातील.
तो हात काढून घेतो.
बोटं हुंगतो.