एक दिवसाआड

आधी कळलं ते तपेलीला.
रात्री काठोकाठ, सकाळी अर्धी.
मी म्हटलं, गळतेय,
कासाराला दाखवायला वेगळी काढून ठेवली.
मे महिना, लष्करात तिघऱ्याचं पाणी एक दिवसाआड,
आणि ही मोरीत उभी राहून पिते,
थांबते, भिंतीकडे बघते, परत पिते.

कंपूवरचे डॉक्टर भदौरिया. म्हशींचे, खरं तर.
कागद उजेडात धरून म्हणाले,
"गुर्दे हैं आंटीजी. जितने गए, सो गए."
क्रिएटिनिन पाच पूर्णांक दोन.
बत्तीस वर्षं वीज मंडळात मी मीटरचे आकडे उतरवले.
हाही उतरवला, दुधाच्या वहीत, मंगळवारखाली.

"नाम?" कंपाउंडरने विचारलं.
माझ्याकडे ती ठमी.
भिंतीपलीकडे, धाकट्या जाऊकडे, गजक.
रंगावरून.
तेरा वर्षं ती दोन्हीकडे जेवली.
आम्ही दोघी नऊ वर्षं बोललो नाही
(नळाच्या जोडणीवरून. आता हसू येतं.
येत नाही, खरं तर.)
फायलीवर लिहिलं: ठमी गजक,
नाव-आडनाव असल्यासारखं.

शंभर मिली सलाईन, कातडीखाली, एक दिवसाआड.
सुई एकटीला जमत नाही. करून पाहिलं.
कोपरापर्यंत ओरखडे, कॅलेंडरवर फवारा,
ती कपाटाखाली
आणि मी कपाटासमोर पालथी, या वयात.
मग उठले, भिंतीवर लाटणं आपटलं.
तीनदा.

हेमलता आली. पदर खोचलेला, चष्मा विसरलेली.
काही न विचारता मांजर पंचात गुंडाळून मांडीवर घेतलं.
बाटली पडद्याच्या दांडीला.
मी मानेमागची कातडी चिमटीत उचलली,
टोचली.
"गजक, बस हं."
"ठमे, झालंच."
एवढंच आमचं बोलणं. शंभर मिलीपुरतं.

पाणी खांद्यावर टेंगूळ होऊन बसतं,
रात्रीतून ओघळत पुढच्या पंजात उतरतं.
एकाच पायात बूट घातल्यासारखी ती
भिंतीवरून पलीकडे जायची.
दिवाळीनंतर भिंत चढवेना.
आता दारातून जाते, पाहुण्यासारखी.

थंडीत बाटली आधी कोमट करावी लागते.
हेमलता ती शालीत धरून बसते, पोटाशी,
आणि परवा एकदम म्हणाली,
"तुम्ही साय देता ना तिला?"
"छे."
"मी पण नाही देत."
मांजर दोघींकडे बघत मिशी चाटत होतं.
तोंडाला वास, गंजक्या तोटीचा.
वजन दोन किलो तीनशे. वहीत आहे.

आज पाण्याचा दिवस.
पहाटे पाचला नळ आधी खाकरला, मग आला.
तिने एक कान वळवला. उठली नाही.
पलीकडे बादली सरकवल्याचा आवाज.
मी लाटणं हातात घेतलं,
भिंतीपाशी गेले,
आणि आपटायच्या आत
कडी वाजली.